खापरीमास्तरांचं सुपा

आमच्या इतिहासाच्या मास्तरांच्या खिशात खडूबरोबर मडक्याचा एखादा तुकडा हमखास असायचा. म्हणून रामनगरच्या शाळेत त्यांचं नाव पडलं खापरीमास्तर. तोंडावर अर्थात सर!

संस्कृती कशा उगवल्या, कशा बहरल्या, हे त्यांनी पुस्तक उघडून कधी शिकवलंच नाही. शाळेच्या अंगणात काठीनं नद्या काढायचे. सिंधू, नाईल, आणि शेजारी हटकून आमची काळी नदी. "तुमच्या पोफळीवर मिरी चढलीय न्हवं?" मला विचारायचे. "असल्याच डोंगरांतली मिरी जहाजातनं रोमला जायाची. तिकडच्या बादशहाच्या ताटाला चव आपल्या मिरीची, कळलं काय?" मी मान ताठ करून घरी गेले, आईला सांगितलं. ती म्हणाली, "बादशहाचं ऱ्हाऊ दे, आधी मिरी वाळत घाल."

मास्तरांचं गाव, जुनं सुपा, धरणात बुडालेलं. गावची माणसं पांगली, बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की ते एकटेच बसनं जायचे आणि चिखलातून खापरं वेचायचे. तुकडा सापडला त्या जागेवरून तो कुणाच्या घरचा ते ओळखायचे. एकदा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "ही आमच्या आईची घागर. हितं घासलीय बघ, तिच्या कमरेला लागून."

"सर, प्रत्येकावर नाव लिहून ठेवा की."

"सिंधूवाल्यांनी बी लिहून ठेवलंच होतं गे. कोण वाचतंय आता? ऐकणारं माणूस पायजे. तू ये एकदा, घरन् घर दाखवतो."

"पुढच्या मेमध्ये नक्की," मी म्हटलं.

मग नोकरीसाठी मी बेळगावला गेले. दरवर्षी त्यांचा फोन यायचा, "पाणी उतरलंय, येतीस न्हवं?" आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचंच. शेवटी शेवटी तेच म्हणायचे, "पुढच्या मेला, व्हय?" आणि हसायचे. ते हसणं किती एकटं होतं, हे मला मेलीला कळलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. शेजाऱ्यांनी त्यांचा खापरांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे पोचवला. खापरांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. डब्यावर मात्र खडूनं नाव होतं, माझं.

या मेमध्ये डबा घेऊन सुप्याला गेले. चिखलात घरांची जोती उघडी पडली होती, सगळी सारखीच. मास्तरांच्या आईची घागर तेवढी ओळखू आली. बाकी सगळं गाव त्या डब्यात होतं, आणि मला एकाही घराचं नाव सांगता येईना.