काळ्या कागदावरचं मीठ

कोपरगावच्या तपासणी केंद्रात मेहविश कामाला लागली, त्या पहिल्या आठवड्यात तिथल्या जुन्या तंत्रज्ञ पंकजाताईंनी तिला यंत्राला हात लावू दिला नाही. त्यांनी घरून वाटीभर रवा आणला, टेबलावर काळा कागद पसरला, त्यावर रवा भुरभुरवला आणि मधेच मिठाचे सात कण टाकले.

"शोध," म्हणाल्या.

तिला पाचच सापडले. मग ताईंनी समजावलं. स्तनाच्या एक्स-रेत आजाराची पहिली खूण कधी कधी एवढीच असते, मिठासारखे बारीक पांढरे कण एका जागी जमलेले. किरण कमी पडले किंवा यंत्र थकलं, की सगळं चित्र रवाळ दिसतं आणि त्या रव्यात मीठ हरवतं. रवा दिसला की फोटो पुन्हा काढायचा, बाई कितीही कुरकुरली तरी.

तीन वर्षांत मेहविशचा हात बसला. बाईला यंत्रापुढे उभं करण्याआधी ती तळहात एकमेकांवर चोळून गरम करी. स्तन दाबून धरणारी यंत्राची पट्टी लावताना दुखायचं, तेव्हा नातवंडांची नावं विचारी. शेवटचं नाव येईतो फोटो झालेला असे. या सवयी तिच्या स्वतःच्या होत्या. बाकी सगळं ताईंचं होतं, आणि ती ते ज्याला-त्याला सांगे.

रतनबाईंना तिनेच आणलं. नदीपलीकडच्या गावातल्या, साठीच्या, घरी ऊस. गावातल्या शिबिरातून दोनदा उठून गेल्या होत्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ही पोरगी काढणार असली तर येते. शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांत शेवटी त्या आल्या. डाव्या बाजूच्या फोटोत मेहविशला रवा दिसला. त्या महिन्यात यंत्र कुरबुरतच होतं. ती पुन्हा पट्टी लावायला निघाली, तेवढ्यात ताई आत आल्या.

"तुझी एसटी चुकेल, मेहविश. तू निघ, मी काढते."

घरी धाकट्या बहिणीला, मुबश्शिराला, बघायला पाहुणे यायचे होते. मेहविशला ताईंचा तो शब्द मायेचा वाटला. ती निघाली.

चार दिवसांनी अहवाल आला, दोष दिसत नाही. रतनबाईंना फोन मेहविशनेच केला. "मावशी, फोटो स्वच्छ आहे," म्हणाली. मावशींनी तिच्यासाठी काकवीची बाटली पाठवली.

अकरा महिन्यांनी रतनबाई केंद्रात आल्या त्या डोक्याला घट्ट रुमाल बांधून. गाठ हाताला लागली होती. पुण्यात ऑपरेशन झालं होतं आणि औषधं चालू होती. तिथल्या डॉक्टरांनी जुने फोटो मागवले होते. त्या बाकावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तूच म्हनाली हुतीस, स्वच्छ हाय."

मेहविशने संगणकावर तो शुक्रवार उघडला. डाव्या बाजूचा दुसरा फोटो तिथे नव्हताच. होता तो तिने काढलेला, रवाळ. आणि शेजारी त्याचीच एक प्रत, गुळगुळीत, दुधासारखी. संगणकावर चित्र मऊ करायची एक सोय होती, जिच्यामुळे रवा पुसला जाई. अहवाल देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे ती गुळगुळीत प्रत गेली होती. नोंदवहीत ताईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : पुन्हा काढला, समाधानकारक. पुढे नाव मेहविशचं.

तिने मूळ फोटो मोठा करून पाहिला. एका कोपऱ्यात पाच-सहा पांढरे ठिपके होते. ते मीठ होतं की रवा, हे तिला आजही सांगता येईना. मऊ प्रतीत ते नव्हते.

ताई आता श्रीगोंद्याच्या नव्या केंद्राच्या प्रमुख होत्या. त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी एकही फोटो खराब म्हणून परत पाठवला नाही, म्हणून त्यांचा सत्कार झाला होता. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मेहविशनेच वाजवल्या होत्या. तिने फोन लावला.

"बाई दमली होती गं," ताई म्हणाल्या. "आणि नाव तुझं आहे वहीत. विचार करून बोल."

आवाज तोच होता, एसटी चुकेल म्हणणारा. मेहविशला रडू आलं नाही. तिला तो काळा कागद आठवला आणि वाटलं, राहिलेले दोन कण ताईंना तेव्हाही दाखवायचे नव्हते की काय. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ताईंनी ते दाखवले होते.

बाहेर येऊन तिने रतनबाईंना सगळं सांगितलं. रव्याचं, पुन्हा न काढलेल्या फोटोचं, वहीतल्या नावाचं. त्या दिवशी मीठ नक्की दिसलंच असतं, असं ती म्हणाली नाही. पुन्हा बघायला हवं होतं आणि कुणी बघितलं नाही, एवढंच म्हणाली.

रतनबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईचा मला राग न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला मी वळखत न्हाई. मी तुला वळखत हुते."

मेहविशने मान खाली घातली. मग मूळ फोटोची आणि मऊ प्रतीची सीडी करून तिने पाकिटात घातली. सोबत एक कागद लिहिला, त्या शुक्रवारी काय झालं आणि काय झालं नाही याचा, आणि खाली स्वतःची सही केली. या सहीने नोकरी जाईल हे तिला ठाऊक होतं. रतनबाईंनी पाकीट पिशवीत ठेवलं. उठताना त्यांचा तोल गेला, तशी मेहविश सवयीने तळहात चोळत पुढे झाली.

रतनबाईंनी भिंतीला धरलं.