वीस मीटरचं वेटोळं

वायर कापायची म्हटली की केबलकाकांच्या जिवावर यायचं. चर्चमध्ये वरच्या गॅलरीतला कॅमेरा मागच्या खोलीतल्या टीव्हीला जोडताना नव्वद मीटर वायर पुरली असती. काकांनी एकशे दहा ओढली आणि जादाची वीस खोलीतल्या भिंतीवर वेटोळं करून टांगली. त्याला कारण होतं. ज्यांना पुढच्या दाराच्या पायऱ्या चढवत नाहीत ती माणसं त्या खोलीत बसायची, आणि त्यांत काकांची बायको होती. तिची नजर मंदावत चालली होती. दिसेनासं होईल तसतसा टीव्ही तिच्याजवळ सरकवायचा, म्हणून ती वायर.

गॅलरीतून खोली दिसत नाही. तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं होतं, चित्र आलं की तिने एक रिंग द्यायची, गेलं की दोन. फोन उचलायचा नाही. "उचललात तर गप्पा मारत बसाल, आणि कॅमेरा बघेल छताकडे," ती म्हणायची.

ती जाऊन दीड वर्ष झालं. तिचा फोन काका अजून रोज चार्ज करतात. कोणाला सांगत नाहीत, उगाच लोक वेड्यात काढायचे.

गेल्या महिन्यात नवा कॅमेरा आला आणि घोडं अडलं. सलग तीन रविवार खोलीतल्या माणसांनी काळ्या पडद्यासमोर बसून नुसता स्पीकरवरचा आवाज ऐकला, आणि काकांना कोणी चकार शब्दाने सांगितलं नाही. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो हो," निवृत्त नर्सबाई नंतर म्हणाल्या. घ्या! वाईट वाटायचं ते वाटलंच, वर तीन रविवार आपण कोणासाठी राबलो हा प्रश्न वेगळाच.

फादर भला माणूस, पण बोलायला स्पष्ट. "या रविवारी नाही जमलं तर कंपनीची माणसं बोलावतो, काका. तुम्ही खाली आमच्यात निवांत बसा."

निवांत म्हणे. आठवड्यातले सहा दिवस काका घरी निवांतच तर असतात. भिंतींशी बोलायचं तेवढं बाकी आहे.

शनिवारी त्यांनी वायरच्या दोन्ही टोकांना चित्र पाठवणारे आणि घेणारे डबे असतात ते बदलले, पिना बदलल्या, उंदरांवरसुद्धा आळ घेऊन झाला. खरं तर दोष कुठे आहे ते त्यांना काळ्या पडद्याचं ऐकलं तेव्हाच कळलं होतं. त्या डब्यांचा दम शंभर मीटरचा. जुन्या कॅमेऱ्याचं हलकं चित्र ते कसंबसं एकशे दहा मीटर ओढून न्यायचे, नव्याचं झेपेना. दुपारी काकांनी वेटोळं खाली उतरवलं, मांडीवर घेऊन तिच्या खुर्चीत बसले आणि पोटभर रडले. मग पक्कड घेतली.

रविवारी कॅमेरा सुरू करून त्यांनी फोन समोर ठेवला. आता रिंग द्यायला कोणी नाही हे पक्कं माहीत असूनही नजर तिथेच. शेवटच्या गाण्याला राहवेना, तेव्हा गुडघे धरत खाली उतरले.

चित्र लख्ख होतं. सगळे टीव्हीत गुंगलेले, दारातल्या माणसाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तिची खुर्ची रिकामी होती, आणि वर भिंतीवर वेटोळ्याएवढा फिकट गोल. काकांनी फोन काढला, तिचा नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि तोडला.

घरी आल्यावर कपाटावरचा तिचा फोन पाहिला. एक मिस्ड कॉल होता. त्यांनी तो पुसला नाही. फोन चार्जिंगला लावला आणि एकट्यापुरता चहा टाकला.