संगीताच्या उशाशी

मार्थाबेनच्या हातातली कळशी मी काढून घेतली तेव्हा ती अर्धी भरलेली होती. आत मीठ-साखरेचं पाणी होतं. समोर खाटेवर संगीता पडली होती, आमच्या मिलमधल्या एका कामगाराची बायको. दोन दिवस जुलाब-उलट्या चालू होत्या. डोळे खोल गेले होते.

मी सुरतेकडच्या पलसाण्याजवळ कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये वेलफेअर ऑफिसर होतो. म्हणजे कँटीनच्या चहापासून क्वार्टर्समधल्या तुंबलेल्या गटारापर्यंत, जे कोणालाच नको असतं ते सगळं माझ्या टेबलावर. नव्वदीच्या दशकातला एक पावसाळा होता. क्वार्टर्समध्ये बहुतेक खानदेशी कुटुंबं. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून नेलेला. तो कुठेतरी फुटला आणि आठवड्याभरात अकरा खोल्यांमध्ये आजार शिरला. मिलचे डॉक्टर फक्त बुधवारी आणि शनिवारी यायचे.

मार्थाबेन मूळच्या नवापूरकडच्या, शेजारच्या गावातल्या दवाखान्यात नर्स. नवरा विजयभाई शाळेत शिपाई. त्यांच्या चर्चमधली पाच-सहा माणसं वर्षभर दर रविवारी येऊन आमचं गटार उपसून जायची. कोणी कारण विचारलं तर विजयभाई हसून म्हणायचे, "येशूने शिष्यांचे पाय धुतले. आमच्या वाट्याला गटार आलं." फुकटचे हात कोणाला नको असतात? मीही खूश होतो.

आजार आला तशी मार्थाबेननी रजा टाकली आणि रोज सकाळी येऊ लागल्या. जुलाबात माणूस जातो तो अंगातलं पाणी संपून. म्हणून प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा घोट-घोट सुरू करायचं. औषध साधं, पण उशाशी माणूस लागतं. नवऱ्यांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या. मार्थाबेन बसायच्या.

त्यांचं चुकलं असेल तर एकच. कळशी भरली की तिच्यावर हात ठेवून, डोळे मिटून त्या मोठ्याने प्रार्थना करायच्या. जेवणाच्या ताटावर करतात तशीच. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

संगीताची सासू यशोदाबाई माझ्या केबिनमध्ये आली. "सायेब, ती बाई पानीवर काहीतरी म्हणस. मनी सूनले ते पानी नको."

मी समजूत घालायच्या आतच गोष्ट मॅनेजरच्या कानावर गेली होती. त्याने मला बोलावून घेतलं.

"साठेभाई, धरम का लफडा मिल में नहीं चाहिए. आज के आज बंद करावो."

नोकरी माझी. मी गेलो आणि कळशी काढून घेतली.

"मार्थाबेन, उद्यापासून येऊ नका."

"साहेब, प्रार्थना मी घरून करून येईन. इथे तोंडसुद्धा उघडणार नाही. फक्त हिला पाजू द्या."

"वरून लेखी परवानगी येऊ दे. मग बघू."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. फुटलेला पाइप तसाच होता आणि मी प्रार्थना बंद करून आलो होतो.

यशोदाबाईला मी तसल्याच मीठ-साखरेच्या पावडरच्या पुड्या दिल्या, लिटरभर उकळलेल्या पाण्यात एक, असं सांगितलं. तिने मान हलवली. पण पाणी पाजलं की जुलाब वाढतात, अशी तिची पक्की समजूत. मार्थाबेनपुढे तिचं चालत नव्हतं. त्या गेल्या आणि संगीताचं पाणी बंद झालं. मी जाऊन पाहिलं का? नाही. मी परवानगीच्या अर्जाचा मसुदा करत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी संगीताचा नवरा धावत आला. मिलच्या मॅटाडोरमधून आम्ही तिला सुरतेला न्यायला निघालो. कडोदऱ्याच्या अलीकडेच ती गेली. तेवीस वर्षांची होती. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'हॉस्पिटलमध्ये नेण्यास विलंब.' विलंब कोणामुळे, ते मी लिहिलं नाही.

रविवारी मार्थाबेन आणि विजयभाई आले. संगीताच्या घाण झालेल्या गोधड्या खोलीमागे तशाच पडून होत्या. भावकीतलं कोणी हात लावत नव्हतं. त्या दोघांनी एकेक गोधडी उकळत्या पाण्यातून काढली आणि मग ब्लीचिंग पावडरच्या गार पाण्यात धुतली. दोघांचेही ओठ मिटलेले.

यशोदाबाई दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "बाई, तू म्हण ना काय म्हणस ते. मनी संगीसाठी म्हण."

मार्थाबेननी माझ्याकडे पाहिलं. "साहेबांची परवानगी नाही."

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या. मला रडू फुटलं. "म्हणा," एवढंच कसंबसं बोललो. ही परवानगी मी कोणाला विचारून दिली नाही, आणि त्याबद्दल मला कोणी काही विचारलंही नाही.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या ऑफिसरला एवढंच सांगायचो: कोणाचं काम बंद करायचं असेल तर आधी त्याच्या जागी स्वतः बसायची तयारी करा. ते जमणार नसेल तर मॅनेजरच्या शिव्या खा. त्याने कोणी मरत नाही.