टीसी मॅडमचा लाल रोबो

टीसी मॅडम कुणाशीही बोलताना आधी त्याच्या हातांकडे बघायच्या. "तोंड सगळ्यांचंच भोळं असतं," त्या म्हणायच्या, "खोटं बोलायचं असलं की हात चुळबुळतात." रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी समोरच्याकडे तिकीट नाही असं धरूनच त्या बोलायला सुरुवात करत. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात माझं फोटो छापायचं दुकान आहे. पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या हाताला लागलेली शाई बघून म्हणाल्या, "काम करणारा दिसतोस. पण पेनड्राइव्ह तुझ्या हातात देणार नाही. मीच लावणार, मीच काढणार."

मला वाटलं, लग्नाबिग्नाचे फोटो असतील. उघडून बघतो तर खेळणी! रोबो, सैनिक, पंखवाले राक्षस, एक अंतराळवीर. मॅडमना अशा बाहुल्या जमवायचा नाद होता आणि बदलापूरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या त्यांचे फोटो काढत. परातीत तांदळाचा कोंडा पसरला की वाळवंट, त्यावर रव्याची चिमूट उडवली की वादळ. माझ्या शेजारी जीन्स शिवायचा कारखाना आहे. तिथल्या चिंध्या मी त्यांना द्यायला लागलो आणि त्यांच्या फोटोंत समुद्र आला. गडद निळ्या डेनिमच्या लाटांवर उभा असलेला तो अंतराळवीर मला अजून दिसतो.

नकली माल त्या वासावरून ओळखत. नवीन बाहुली हातात आली की आधी हुंगायच्या, मग तळपाय बघायच्या, मग डोळे. "डोळ्याचा रंग रेषेबाहेर गेला, की समजायचं, विनातिकीट." जमवणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप होता, त्यातले निम्मे त्यांना टरकून असत. कुणी कौतुकाने काही दाखवायला आणलं की मॅडम ते उलटं करत, आणि त्या माणसाचा चेहरा पडे.

माझ्यावर तर त्यांचा पक्का संशय. मी कागद बदलतो, शाई वाचवतो, त्यांच्या फाइल लपवून ठेवतो. प्रिंट निघेपर्यंत त्या मशीनला चिकटून बसत. निघाला की तो घेऊन बाहेर रस्त्यावर जात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये उन्हात धरून बघत. "ट्यूबलाइट दुकानदाराच्या बाजूची असते," म्हणत. वैताग यायचा. पण एवढं निरखून माझं काम दुसऱ्या कुणी बघितलं नाही, हेही खरं.

अंबरनाथला त्या ग्रुपचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मॅडमनी मधोमध लावायला एक फोटो निवडला. लाल पत्र्याचा जपानी रोबो, एक पाय उचललेला, चालायच्या बेतात. हा त्यांच्या संग्रहातला पहिला. त्यांचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. मॅडमना बढती मिळाली तेव्हा त्यांनी तो आणून दिला होता. "कॅम्पातल्या खेळणीवाल्या शेठकडून आणला, खात्रीचा आहे, असं म्हणाले होते," मॅडमनी सांगितलं. यजमान वारले त्याला बराच काळ झाला होता.

तो फोटो आम्ही दाराएवढा छापायला घेतला. कागद हळूहळू खाली उतरत होता. आधी डोकं, मग छाती, शेवटी तो उचललेला पाय. तळव्यावर मोहरीएवढी अक्षरं होती, ती आता बोटभर झाली होती. जपान या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गायब होतं.

मॅडम वाकल्या, चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"हा कधी उलटा करून बघितलाच नाही मी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चल."

शेठचं खेळण्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. म्हातारा सिंधी गृहस्थ, गल्ल्यामागे खुर्चीत बसलेला. मॅडमनी गुंडाळलेला फोटो काउंटरवर पसरला. "आमच्या ह्यांना तुम्ही नकली माल दिलात."

शेठनी फोटो बराच वेळ बघितला. "भाभीजी, साहेबांना माहीत होता. मी बोललो, असली मंगवाना पडेगा, टाइम लागेल. ते बोलले, आजच पाहिजे, यही दे दो."

"मला कळेल, असं नाही वाटलं त्यांना?"

"मी विचारला ना! हसले. बोलले, वो सब पे शक करती है, मेरे पे नहीं."

"खोटं बोलताय तुम्ही," मॅडम म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. त्या शेठच्या हातांकडे बघत होत्या. दोन्ही हात फोटोवर तसेच स्वस्थ पडून होते.

माझ्या दुकानात परत आल्यावर मी विचारलं, "दुसरा फोटो छापू का, मॅडम?"

"का? छापलाय ना चांगला. सनबोर्डवर चिकटव."

प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली बाहुली कुणी बनवली ते लिहायचं होतं. रोबोच्या फोटोखाली मॅडमनी लिहिलं : 'नकली. नवऱ्याने दिलेला.' ज्यांची खेळणी त्यांनी उलटी करून बघितली होती, ती माणसं त्या फोटोसमोर जरा जास्तच रेंगाळली. एक जण हसत म्हणाला, "काय मॅडम, तुमच्याकडेच डुप्लिकेट?"

"खाली लिहिलंय. पूर्ण वाच," मॅडम म्हणाल्या.

प्रदर्शन संपल्यावर फोटो भिंतीवरून उतरवताना मी त्यांना विचारलंच, की शेठ खरं बोलला असेल का. त्या बराच वेळ सनबोर्डच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"शेठने ह्यांना फसवलं असेल, तर बिचारे. ह्यांनी मला फसवलं असेल, तर मात्र मानलं बाबा त्यांना. इतक्या वर्षांत कुणाला जमलं नाही ते." मग एकदम हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला चौकशी करायची नाही. तूही करू नकोस."

पुढे त्या मुलीकडे नाशिकला गेल्या. तिथेच गेल्या हिवाळ्यात वारल्या. मुलीचा फोन आला त्याच आठवड्यात शेठ स्वतः माझ्या दुकानात आले, नातवाच्या जनेऊचा, म्हणजे आपल्याकडच्या मुंजीसारख्या कार्यक्रमाचा, बॅनर छापायला. मशीन चालू होतं, आम्ही दोघेच होतो. मॅडम गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. रोबोचा विषय माझ्या अगदी ओठावर आला होता.

मी चौकशी केली नाही. चहा मागवला.