कुंकवाचं ठिगळ

ज्ञानूतात्या सुतार लाकूड चाटत. अगदी खरं सांगते! आमच्या मुठा गावातल्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पिशवीतून व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याची, पातळ पट्टी काढून त्यांनी तिच्यावरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "वलं केल्याबिगर लाकूड खरा रंग दावत न्हाई. माणसाचंबी तसंच हाय." त्यांना आधी चहा द्यावा की चूळ भरायला पाणी, मला कळेना.

काम होतं माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, जुन्या विलायती गाडीचं. आई गेल्यापासून आप्पा रोज सकाळी गाडीत जाऊन बसत. गाडी जागची हलत नसे, पण आप्पा ताजेतवाने होऊन घरात येत. एका पावसाळ्यात शेडचा पत्रा गळला. डॅशबोर्डवर आईच्या बाजूला जो कप्पा होता, त्याच्या झाकणाचा लाकडी पापुद्रा फुगून उचकटला. आप्पांनी गाडीत बसणंच सोडलं. दिवसभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचे, आणि मला ते बघवत नव्हतं.

तात्यांची बढाई काय वर्णावी! "पौडापासून ताम्हिणीपत्तुर लाकडात माझा सांदा कुठं दिसतोय त्ये कुणीबी दावावं, मिशी उतरवीन!" नवं अक्रोडाचं लाकूड जुन्यापेक्षा गडद निघालं. तात्यांनी पट्ट्या उन्हात घातल्या. "जुन्यानं लई ऊन खाल्लंय, ह्यालाबी खाऊ द्या." मी घाई केली की खेकसत, "ऊन काय तुज्या हापिसात कामाला हाय व्हय?" रंग उतरल्यावर त्यांनी रेषेला रेष जुळवली आणि लाखेचं पॉलिश बोळ्यानं हळूहळू चढवलं. झाकण नवं आहे हे मलाही ओळखू येईना.

आप्पा गाडीत बसले. झाकणावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हिचं कुंकू कुठंय?"

दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करून त्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवायची. वर्षानुवर्षांचा तो लाल डाग लाकडात मुरला होता. तात्यांनी तो घाण समजून जुन्या पापुद्र्यासकट काढून टाकला होता. आप्पा गाडीतून उतरले.

तात्यांची मिशी पहिल्यांदाच खाली आली. तडक घरी गेले आणि सरपणात टाकलेला जुना पापुद्रा शोधून आणला. डागापुरता चौकोन कापून नव्या झाकणात बसवला. पावसाच्या पाण्यानं काळवंडलेला तो तुकडा लांबूनही ठिगळासारखा दिसत होता.

"तात्या, सांधा दिसतोय," मी म्हटलं.

"दिसू दे की! झाकण माजं. ठिगळ कुण्या गाढवानं लावलंय, मला ठावं न्हाई."

त्या दिवशी मी जेवायला हाक मारेपर्यंत आप्पा गाडीतून उठले नाहीत. आणि तात्या पुढे जो भेटेल त्याला त्या गाढवाबद्दल सांगत राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात तात्या गेले. दसऱ्याला आप्पांनी आईच्या डागावर कुंकू टेकवलं. मग थांबले, पुन्हा बोट बुडवलं आणि शेजारच्या त्या उघड्या सांध्यावर टेकवलं.

"हे आपल्या गाढवाला," म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.