गोविंदरावांच्या भिंगाची मूठ

कार्ड आले तेव्हा मी मजकुराआधी टपालाचा शिक्का वाचला. डोंबिवलीचा होता, आदल्या दिवसाचा. मग कार्ड उलटले. "काका मंगळवारी सकाळी गेले. त्रास झाला नाही." गोविंदरावांच्या जावयाचे अक्षर. कोणतेही पत्र हाती आले की आधी शिक्का पाहायचा, ही खोड मला त्यांनीच लावली होती, आणि त्यांच्या जाण्याची बातमीही मी त्यांच्याच पद्धतीने वाचली...

त्याला आता महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी लिहायला इतका उशीर का, ते लपवत नाही. मला भीती वाटत होती. ज्या रावसाहेबांची गोष्ट यात येणार ते हयात नाहीत, पण त्यांचे चिरंजीव आहेत आणि तेही रावसाहेब आहेत. म्हणून नाव घालत नाही. गोविंदरावांनी माझ्या जागी नाव घातले असते की नाही, याचा विचार करणे मी टाळतो.

गोविंदराव ठाण्याच्या कचेरीत नक्कलनवीस होते. कागदांच्या नकला करायच्या आणि पुराव्यात आलेल्या वस्तूंची वर्णने यादीत लिहायची, एवढेच त्यांचे काम. अंगाने किडकिडीत, स्वभावाने भित्रे. शिपाई जोरात खोकला तरी दचकत. मात्र वस्तू हातात आली की ते निराळेच होत. गुळगुळीत लाकडी मुठीचे एक भिंग त्यांच्याजवळ असे. ते डोळ्याला लावून कागदातली पाण्याची खूण, कुलपावरचा छाप, घड्याळाच्या आतले आकडे वाचत आणि वस्तूचे वय सांगत. सांगण्याची रीत ठरलेली: "याच्या आधीचे नव्हे. नंतरचे किती, ते सांगता येत नाही." मी शाळामास्तर. मला पुरती उत्तरे द्यायची सवय, त्यामुळे या अर्ध्या उत्तराची मी फार थट्टा करीत असे.

कल्याणच्या रावसाहेबांचा दावा उभा राहिला तेव्हा सारे ठाणे पाहायला लोटले होते. धाकट्या भावाची विधवा घराच्या अर्ध्या भागात राहत होती. रावसाहेबांचे म्हणणे असे की भावाने मरणाआधी एक वर्ष सोडपत्र लिहून आपला हिस्सा त्यांना दिला, सबब बाईने घर सोडावे. बाईला माहेर उरले नव्हते. नुसते सोडपत्र आणले असते तर भागले असते, पण रावसाहेबांना साधे काही जमत नसे. भावाने ज्या लेखणीने सही केली ती विलायती झरणी, साहेबाने त्यांना भेट दिलेली, त्यांनी तबकात मखमलीवर ठेवून कोर्टात आणवली. तबक धरायला एक माणूस, त्याच्यावर छत्री धरायला दुसरा. आत शाई भरून ठेवणारी लेखणी तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. वकीलसुद्धा माना उंच करून बघत होते.

यादी लिहिण्यासाठी ती गोविंदरावांकडे आली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांचा निरोप आला: येताना खडूचा तुकडा आणा. मी गेलो. दप्तरखान्यात परक्याला मुभा नव्हती. त्यांनी मला आत घेऊन दार लोटले.

"खडू आणलात, मास्तर?"

"आणला. काय लिहायचंय?"

"लिहायचं नाही. लिहिलेलं वाचायचंय."

लेखणीच्या काळ्या रबरी नळीवर बारीक इंग्रजी अक्षरे होती, झिजून गेलेली. त्यांनी खडूची भुकटी बोटाने त्यावर चोळली आणि फुंकर मारली. खाचांत पांढरे राहिले, अक्षरे वर आली. भिंग लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"पेटंटचं साल आहे. चौऱ्याऐंशी." मग अगदी हळू म्हणाले, "मास्तर, तो धाकटा तर ब्याऐंशीत वारला हो."

मी म्हटले, "शिक्का मागाहून उठवला असेल."

"शिक्का कारखान्यात उठवतात. ही लेखणी त्याच्या आधीची नव्हे."

"नंतरची किती?" मी सवयीने विचारले. ते हसले नाहीत.

"सकाळी त्यांचा माणूस घरी येऊन गेला. फार गोड बोलला. हिला म्हणाला, रावसाहेबांचा निरोप आहे, वर्णन थोडक्यात, शोभेल असं लिहायला सांगा. आणि जाताना विचारलं, तुमची लेक दुर्गी विहिरीवर एकटीच जाते का?"

मी काय म्हणालो ते लिहितो, कारण तेही पुराव्यात यायला हवे. मी म्हणालो, "'काळी लेखणी, एक' एवढं लिहा आणि सुटा. सगळे तसंच लिहितात."

"सगळे लिहितात खरं," ते म्हणाले आणि त्यांनी टाक उचलला. उजवे मनगट त्यांनी डाव्या हाताने धरले. दात वाजू लागले, तेव्हा भिंगाची मूठ तोंडात घालून घट्ट चावली. मी दाराकडे बघत उभा होतो. बाहेर कुणाच्या तरी वहाणा वाजल्या, थांबल्या, पुढे गेल्या. लाकूड करकरल्याचे मला ऐकू आले. 'लेखणी एक. काळ्या रबराची. टोपणाला तडा. नळीवर इंग्रजी अक्षरे आहेत ती अशी...' आणि पुढे ती अक्षरे, सालासकट, जशीच्या तशी.

बाईच्या वकिलाने यादी वाचली आणि ती न्यायाधीशांपुढे सरकवली. न्यायाधीशांनी लेखणी मागवून घेतली आणि रावसाहेबांना एकच प्रश्न विचारला: बंधू कोणत्या साली गेले? बाईचे घर राहिले. बोरू आणला असता तर रावसाहेब जिंकले असते.

पुढे रावसाहेबांनी काहीच केले नाही. हेच वाईट झाले. काही केले असते तर भीतीला शेवट आला असता. गोविंदरावांनी दुर्गीला आत्याकडे धाडले ती लग्नापर्यंत तिथेच राहिली. कचेरीची वाट ते रोज बदलत. नोकरी सुटल्यावर डोंबिवलीस जाऊन राहिले, तिथेही भिंतीला पाठ लावूनच बसत. दार वाजले की आतून विचारीत, "कोण? कुठून आलात? निघालात कधी?" लोक हसत. मीही हसलो आहे. एकदा मी म्हटले, "अहो, रावसाहेब वारले आता." त्यावर म्हणाले, "हो, ऐकलं... पण तो निरोप्या आहे ना अजून?"

तेराव्याला गेलो तेव्हा वहिनींनी ते भिंग माझ्या हातात ठेवले. "तुम्हाला द्या म्हणाले होते. खडूबद्दल." ते आता माझ्या टेबलावर असते. मुठीवर दातांच्या खुणा आहेत, एकीवर एक, काही खोल, काही नुसत्या ओरखड्यासारख्या. परवा मी त्यांवर खडूची भुकटी चोळून पाहिली. सगळ्या वर आल्या. मला वाटत होते त्याहून पुष्कळ निघाल्या. त्या दुपारच्या आधीची त्यांत एकही नाही, हे मी शपथेवर सांगेन. नंतरच्या किती, ते सांगता येत नाही.