बटण दाबण्याआधी

कुंडलिकच्या लेकीचं लग्न आहुप्यात होतं, सत्त्याण्णव सालचं. वऱ्हाड वेशीवर आलं, तरी जुन्नरहून आलेला साउंडवाला अकबर ओल्या जमिनीत लोखंडी सळई ठोकत बसला होता.

"अकबरभाई, गाणी कवा लागायची?" कुंडलिक वैतागला.

"अर्थिंग झाल्याबिगर मशीन चालू करायचं न्हाई, भाऊ."

अकबरने सळईची वायर ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला जोडली, स्पीकर जोडले, आवाज शून्यावर आणला आणि मगच बटण दाबलं.

मंगलाष्टकांच्या वेळी कुंडलिकची आई बयाबाई त्या पेटीवर हात टेकून उभी होती. तेवढ्यात आवाज गेला. अकबरने धावत जाऊन मेन स्विच पाडला, पेटी उघडली. आतली वायर सुटून पत्र्याला चिकटली होती, पण वीज सळईवाटे जमिनीत उतरली आणि फ्यूज उडाला. बयाबाईला काही कळलंसुद्धा नाही.

कुंडलिकने मात्र आईला हाताला धरून पेटीपासून लांब नेलं. भटजींनी बिनमाईकचं लग्न लावलं. पंगतीत त्याने अकबरला आपल्या शेजारी बसवलं.

"आई हाय म्हून लगीन गोड झालं, राव," तो म्हणाला.

त्या दिवाळीपासून तो दरवर्षी नव्या तांदळाची पिशवी घेऊन एसटीने जुन्नरला जाऊ लागला. अकबरची बायको जहाँआरा त्याच तांदळाचा भात शिजवायची आणि जेवल्याशिवाय त्याला सोडायची नाही.